ग्रंथांतून शोधलेली शस्त्रविद्या

प्रास्ताविक

कोणतीही कला शिकायची तर गुरू हवा, असे आपण मानतो. पोहणे, तबला वाजवणे, चाकावर मातीचे भांडे घडवणे या गोष्टी पाहून, करून आणि चुका सुधारून घेऊनच अंगवळणी पडतात. परंतु ज्या कलेचे सर्व गुरू तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच काळाच्या पडद्याआड गेले आहेत आणि ज्यांच्यामागे केवळ त्यांचे ग्रंथ उरले आहेत, ती कला आज कोणाला शिकता येईल काय? युरोपातील ‘रेपियर’ नावाच्या तलवारीच्या विद्येबाबत नेमका हाच प्रश्न उभा राहिला. जगातील अनेक देशांतील अभ्यासक गेली काही दशके जुने ग्रंथ उघडून, हातात बोथट तलवार घेऊन या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत. त्यांच्या अभ्यासपद्धतीचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत. आपणही बहुतांशी पुस्तकाच्या आधारेच शिकत आहात. त्यामुळे या अभ्यासकांच्या अडचणी आपल्याला परक्या वाटणार नाहीत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
- रेपियर तलवारीची वैशिष्ट्ये सांगू शकाल;
- जुने शस्त्रग्रंथ वाचताना येणाऱ्या अडचणी स्पष्ट करू शकाल;
- वाचन आणि सराव यांचा परस्परसंबंध उदाहरणाने समजावून देऊ शकाल;
- ‘ग्रंथात लिहिलेले’ आणि ‘आपण काढलेले अनुमान’ यांतील भेद ओळखू शकाल.

मूळ पाठ

१. रेपियर म्हणजे काय?

युरोपातील तलवारीचे पाते महाराष्ट्राला अनोळखी नाही. मराठ्यांच्या शस्त्रांत ‘फिरंग’ या नावाची तलवार होती. युरोपात घडवलेले सरळ, लांब पाते आणून त्याला येथील पद्धतीची मूठ बसवलेली असे. ‘फिरंग’ हे नावच त्या पात्याचे मूळ सांगते. मात्र फिरंग हे रणांगणावरील शस्त्र होते. आपण ज्या तलवारीचा विचार करणार आहोत, ती रणांगणापेक्षा नगरातील रस्त्यांवर अधिक वावरली.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इटली, स्पेन, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड या देशांतील प्रतिष्ठित पुरुष रोजच्या पोशाखाबरोबर कमरेला तलवार लावीत. तिला पुढे ‘रेपियर’ असे नाव रूढ झाले. ‘पोशाखाबरोबरची तलवार’ अशा अर्थाच्या एका स्पॅनिश नावाशी या शब्दाचा संबंध जोडला जातो. तिचे पाते अरुंद आणि बरेच लांब, साधारणतः एक मीटर किंवा त्याहूनही अधिक असे. पात्याला धार असली, तरी मुख्य भर टोकाने भोसकण्यावर होता. हाताच्या रक्षणासाठी मुठीभोवती लोखंडी कड्यांची जाळी किंवा वाटीसारखे कवच बसवलेले असे.

चित्रपटांतून ही तलवार काडीसारखी हलकी भासते. प्रत्यक्षात तिचे वजन बहुधा एक किलोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक असे. आजच्या तलवारबाजी या खेळाशी तुलना केली, की हा फरक ध्यानात येतो. या खेळातील ‘फॉइल’ आणि ‘सेबर’ या शस्त्रांचे वजन ५०० ग्रॅमपेक्षा अधिक असू नये आणि ‘एपे’चे ७७० ग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. २०२१ मध्ये टोकियो येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताच्या सी. ए. भवानी देवी सेबर प्रकारात उतरल्या. ऑलिंपिकमधील तलवारबाजीत सहभागी होणाऱ्या त्या पहिल्या भारतीय खेळाडू होत. त्यांच्या हातातील शस्त्राच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वजनाची आणि बरीच लांब तलवार हाती घेतली, तर हालचालींची सारी गणिते बदलतात. म्हणूनच आजचा खेळ येत असला, तरी जुनी विद्या आपोआप येत नाही.

२. ग्रंथ उरले, परंपरा खंडित झाली

तलवार कमरेला असली, की तिचा उपयोग करण्याचे प्रसंगही येत. मानापमानाच्या कारणावरून दोन पुरुष द्वंद्वयुद्धाला उभे राहत आणि पुष्कळदा त्यांपैकी एक किंवा दोघेही प्राणास मुकत. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने द्वंद्वयुद्धाचा तीव्र निषेध केला. फ्रान्समध्ये राजाज्ञा मोडून द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल मोंमोरांसी-बुतव्हिल या सरदाराचा १६२७ मध्ये शिरच्छेद करण्यात आला. तरीही ही प्रथा लवकर थांबली नाही. अशा काळात शस्त्रगुरूंनी लिहिलेले ग्रंथ ही केवळ हौसेची बाब नव्हती. या विद्येवर शिष्याचे जगणे किंवा मरणे अवलंबून होते.

कामिल्लो आग्रिप्पा यांचा ग्रंथ १५५३ मध्ये रोम येथे प्रसिद्ध झाला. ते व्यवसायाने स्थापत्यकार होते आणि त्यांनी तलवारीच्या हालचाली भूमितीच्या आधारे मांडल्या. स्पेनमध्ये जेरोनिमो दे कारान्सा यांचा ग्रंथ १५८२ मध्ये निघाला. १६०६ मध्ये साल्वातोर फाब्रिस यांचा भव्य सचित्र ग्रंथ कोपनहेगन येथे आणि निकोलेत्तो जिगांती यांचा ग्रंथ व्हेनिस येथे छापला गेला. रिदोल्फो कापोफेर्रो यांचा ग्रंथ १६१० मध्ये सिएना येथे प्रसिद्ध झाला.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये आखूड आणि हलक्या तलवारीचा प्रसार झाला. पोशाख बदलला, शस्त्र बदलले आणि शस्त्राबरोबर शिकवणेही बदलले. रेपियरचे गुरू गेले, त्यांच्या शिष्यांचे शिष्यही गेले. कोल्हापुरातील मर्दानी खेळात वस्ताद आजही शिष्याचा हात धरून पट्टा फिरवायला शिकवतात. रेपियरच्या बाबतीत असा हात धरणारा कोणी उरला नाही. ग्रंथालयांच्या कपाटांत राहिली ती केवळ पुस्तके.

पाठगत प्रश्न – १
१. रेपियरला रणांगणापेक्षा नगरातील शस्त्र का म्हटले आहे?
२. रेपियरच्या विद्येची परंपरा कशामुळे खंडित झाली?

३. वाचनातील तीन अडथळे

जुना ग्रंथ हाती आला म्हणजे विद्या हाती आली, असे होत नाही. अभ्यासकाच्या मार्गात प्रामुख्याने तीन अडथळे येतात.

पहिला अडथळा शब्दांचा. शब्द ओळखीचा वाटतो. परंतु त्याचा अर्थ काळाबरोबर बदललेला असतो. इटालियन गुरूंचा ‘तेंपो’ हा शब्द घ्या. आज तो ऐकला, की आपल्याला वेग किंवा घड्याळातील वेळ आठवते. हे गुरू मात्र ॲरिस्टॉटलच्या विचारपरंपरेत वाढलेले होते. काळ म्हणजे गतीचे मोजमाप, असे ती परंपरा मानते. त्यामुळे त्यांच्या लेखी प्रतिस्पर्ध्याची एक हालचाल म्हणजे एक ‘तेंपो’. प्रतिस्पर्ध्याने पाऊल उचलले, हात वळवला किंवा पवित्रा बदलला, तर ती हालचाल पुरी होईपर्यंत तो दुसरी हालचाल सहज करू शकत नाही. तेवढा अवधी म्हणजे वार करण्याची संधी. ‘तेंपोत वार करावा’ या वाक्याचा अर्थ ‘वेगाने वार करावा’ असा नसून ‘प्रतिस्पर्धी हालचालीत गुंतलेला असताना वार करावा’ असा आहे. एका शब्दाच्या अर्थाने संपूर्ण विद्येचे स्वरूप कसे पालटते, हे येथे दिसते.

भाषांतरानेही असे घोटाळे होतात. जाकोमो दी ग्रास्सी यांच्या १५७० मधील इटालियन ग्रंथात शस्त्राला नुसते ‘स्पादा’ म्हणजे ‘तलवार’ म्हटले आहे. १५९४ च्या इंग्रजी भाषांतरात त्या जागी ‘रेपियर’ हा शब्द आला. केवळ भाषांतर वाचणाऱ्याची अशी समजूत होते, की मूळ लेखकाने एका विशिष्ट प्रकारच्या तलवारीविषयीच लिहिले आहे.

दुसरा अडथळा चित्रांचा. या ग्रंथांतील बरीच चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आहेत. पत्र्यावरील चित्र कागदावर उमटते, तेव्हा त्याची डावी-उजवी बाजू उलटी होते. कोरणाऱ्याने हे ध्यानात घेतले नाही, तर उजव्या हाताने लढणारा पुरुष डावखुरा दिसू लागतो. शिवाय चित्र सपाट असते. दोन पाती एकमेकांना टेकलेली आहेत की एक दुसऱ्याच्या मागून गेले आहे, हे पुष्कळदा नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही.

तरीही चित्रांतून खूप काही कळते. फाब्रिस यांच्या ग्रंथातील आकृत्या विवस्त्र आहेत. त्यामुळे गुडघ्याचा बाक, पाठीचा कल आणि खांद्याची दिशा स्पष्ट दिसते. त्यांचा योद्धा कमरेतून पुष्कळ पुढे झुकलेला असतो. याउलट चारच वर्षांनी आलेल्या कापोफेर्रो यांच्या ग्रंथातील योद्धा शरीराचा भार मागच्या पायावर ठेवतो आणि मस्तक प्रतिस्पर्ध्यापासून दूर राखतो. दोघेही इटालियन आणि समकालीन. तरीही एकाचा पवित्रा दुसऱ्याच्या सूचनांना जोडला, तर दोन्ही विद्या बिघडतात. म्हणून ‘एका वेळी एकच ग्रंथ’ हा नियम जाणते अभ्यासक पाळतात.

तिसरा अडथळा मौनाचा. पाककृतीत ‘मीठ चवीनुसार’ असे लिहिलेले असते. लिहिणारीला आणि तिच्या शेजारणीला ते पुरेसे असते. परंतु ज्याने कधी चूल पेटवली नाही, तो मात्र मिठाचा डबा हातात धरून उभा राहतो. जुन्या शस्त्रगुरूंचेही असेच आहे. त्यांच्या वाचकांनी लहानपणापासून तलवारी पाहिलेल्या होत्या आणि त्या कशा वागवाव्यात हेही त्यांना ठाऊक होते. म्हणून ज्या गोष्टी सर्वांना माहीत होत्या, त्या लिहिण्याची गरज गुरूंना वाटली नाही. आज नेमक्या त्याच गोष्टी आपल्याला माहीत नसतात. ग्रंथातील ही रिकामी जागा अभ्यासकाला अनुमानाने भरावी लागते.

४. एका चित्राचे वाचन

हे अनुमान कसे केले जाते, ते एका उदाहरणाने पाहू. त्यासाठी दोन कल्पना आधी समजून घेतल्या पाहिजेत.

पहिली कल्पना पात्याच्या दोन भागांची. मुठीजवळचा भाग ‘बळकट’ आणि टोकाकडचा भाग ‘दुबळा’. दाराच्या बिजागरीजवळ जोर लावला, तर दार हलवणे कठीण जाते. कडीजवळ लावला, तर ते सहज हलते. तलवारीत हात म्हणजे जणू बिजागरी. आपल्या पात्याचा बळकट भाग प्रतिस्पर्ध्याच्या पात्याच्या दुबळ्या भागावर आणला, की थोड्या जोरानेही त्याची तलवार रेषेबाहेर जाते. या क्रियेला इटालियन गुरू ‘तलवार शोधणे’ किंवा ‘तलवार आवळणे’ असे म्हणतात. आपण तिला ‘पात्यावर ताबा मिळवणे’ असे म्हणू.

दुसरी कल्पना अंतराची. कापोफेर्रो दोन प्रमुख अंतरे सांगतात. पुढचा पाय टाकून प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचता येते, ते विस्तृत अंतर. पाय न हलवता केवळ शरीर झुकवून पोहोचता येते, ते निकट अंतर. लांब झेप घेताना शरीर कोठून कोठे जाते, हे त्यांनी एका चित्रात पाय, गुडघा, खांदा आणि हात यांना अक्षरे देऊन दाखवले आहे. कोणते अक्षर कशासाठी आहे, याची यादीही सोबत दिली आहे.

आता त्यांचे एक प्रसिद्ध चित्र पाहू. त्यात दोन पुरुष आहेत. एकाने पुढे झेप घेतली आहे आणि त्याच्या तलवारीचे टोक दुसऱ्याला लागले आहे. नुसते चित्र पाहणाऱ्याला वाटेल, की झेप घ्यावी आणि टोक खुपसावे, एवढीच ही शिकवण. परंतु चित्राखालचा मजकूर वेगळेच सांगतो. पहिल्याने आधी दुसऱ्याच्या पात्यावर आतल्या बाजूने ताबा मिळवला. आपले पाते अडकले आहे, हे पाहून दुसऱ्याने ते खालून फिरवून दुसऱ्या बाजूने सोडवले आणि वार करू पाहिला. ही त्याची हालचाल म्हणजेच ‘तेंपो’. ती चालू असतानाच पहिल्याने वार केला. आपण चित्रात पाहतो, तो या मालिकेतील केवळ शेवटचा क्षण आहे.

मजकूर येथेच संपत नाही. जखमी झालेला पुरुष अधिक चाणाक्ष असता, तर त्याने काय केले असते, हेही कापोफेर्रो सांगतात. त्याने पाते सोडवण्याची केवळ हूल दिली असती आणि शरीर थोडे मागे राखले असते. पहिला निःशंकपणे पुढे येताच त्याचा वार अडवून त्याने उलट वार केला असता. म्हणजे एकाच चित्राच्या आधारे गुरूंनी दोन्ही बाजूंचा विचार शिकवला आहे. हरलेल्या बाजूलाही त्यांनी बुद्धी दिली आहे. चित्र पाहून पान उलटणाऱ्या वाचकाच्या हाती यातले काहीच लागत नाही.

पाठगत प्रश्न – २
१. ‘तेंपो’ या शब्दाचा शस्त्रगुरूंना अभिप्रेत असलेला अर्थ कोणता?
२. पात्याच्या ‘बळकट’ भागाचे कार्य दाराच्या उदाहरणाने कसे स्पष्ट होते?

५. सराव : ग्रंथाची कसोटी

मजकूर समजला असे वाटले, की अभ्यासक उठून उभा राहतो. त्याच्या हाती बोथट पात्याची तलवार असते आणि तिच्या टोकावर रबराचे किंवा चामड्याचे टोपण असते. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, गळ्याला संरक्षक पट्टा, अंगात जाड शिवलेले जाकीट आणि हातांत मोजे असल्याशिवाय कोणताही जबाबदार गट सरावाला परवानगी देत नाही. शस्त्र बोथट असले, तरी एक किलोग्रॅमच्या पोलादी पात्याचे टोक गळ्यावर आदळले, तर इजा गंभीर होऊ शकते.

सरावाची सुरुवात अतिशय संथ गतीने होते. समोरचा जोडीदार येथे शत्रू नसून सहअध्यायी असतो. ग्रंथात सांगितलेली हालचाल तो मुद्दाम आणि प्रामाणिकपणे करतो. शिकणारा तिचे उत्तर देतो. एकाने ग्रंथ उघडा धरावा, दोघांनी करून पाहावे आणि पुन्हा तिघांनी मिळून वाचावे, अशी पद्धत अनेक ठिकाणी आढळते. हालचाल जमू लागली, की गती वाढवली जाते. त्यानंतर जोडीदार थोडा प्रतिकार करतो आणि शेवटी मुक्त सामना होतो.

या सरावातून काही कोडी खरोखर सुटतात. फाब्रिस यांच्या योद्ध्याचे पुढे झुकणे अनेक वाचकांना अतिशयोक्त वाटे. परंतु तो पवित्रा घेऊन उभे राहिले, की त्याचे प्रयोजन कळते. झुकलेल्या शरीराचे लक्ष्य लहान होते, ते मुठीच्या कवचाआड येते आणि हाताची पोहोच आधीच पुढे गेलेली असते. मांड्या मात्र काही क्षणांतच भरून येतात. त्यावरून आणखी एक गोष्ट उमगते. त्या काळच्या शिष्यांनी शरीर कमावण्यासाठी दीर्घकाळ मेहनत घेतली असली पाहिजे. ग्रंथात जे लिहिलेले नाही, ते कधी कधी दुखणारे गुडघे सांगतात.

मात्र सरावाचा पुरावा जपून वापरावा लागतो. ‘मला जमले, म्हणून ते खरे’ असे म्हणता येत नाही. एखादी हालचाल उपयुक्त असेल; परंतु ती ग्रंथातील नसेल, तर तो स्वतःचा शोध ठरतो, गुरूंची विद्या नव्हे. तसेच ‘मला जमले नाही, म्हणून ग्रंथ चुकला’ असेही लगेच म्हणता येत नाही. कदाचित आपले अंतर चुकले असेल, तलवार आखूड असेल किंवा आपण मजकुरातील एखादे पद वगळले असेल. म्हणून जाणता अभ्यासक स्वतःला चार प्रश्न विचारतो. माझी कृती मजकुराशी जुळते का? ती चित्राशी जुळते का? ती ग्रंथातील इतर सूचनांच्या विरोधात तर जात नाही ना? प्रतिकार करणाऱ्या जोडीदारापुढे ती टिकते का? या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक येईपर्यंत तो आपल्या अर्थाला ‘अनुमान’ असेच म्हणतो.

६. जे पुन्हा निर्माण करता येत नाही

सरावाला एक मोठी मर्यादा आहे. सोळाव्या शतकातील योद्ध्यापुढे मृत्यूचे भय होते. आजच्या सरावात ते नाही, आणि ते नसावेच. परंतु या फरकाचे परिणाम अभ्यासावर होतात. मुखवटा घातलेला जोडीदार बेधडक पुढे येतो. आपल्याला टोक लागले तरी चालेल, समोरच्याला एक वार लागला म्हणजे झाले, असा त्याचा हिशेब असतो. परिणामी दोघांनाही एकाच वेळी वार लागतो. खऱ्या तलवारी असत्या, तर दोघेही कोसळले असते.

ही अडचण आजचीच नाही. १५९९ मध्ये जॉर्ज सिल्व्हर या इंग्रज लेखकाने रेपियरवर कडक टीका केली. लांब रेपियरचे टोक एकदा ओलांडले गेले, की योद्ध्याला ती तलवार सहज मोकळी करता येत नाही आणि दोघेही घायाळ होतात किंवा मरतात, हा त्यांच्या आक्षेपांपैकी एक होता. सिल्व्हर हे इटालियन पद्धतीचे कट्टर विरोधक होते, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे म्हणणे वाचले पाहिजे. तरीही स्वतः न मरता वार कसा करावा, हाच या विद्येचा गाभा होता, हे त्यांच्या टीकेवरूनही कळते. पात्यावर ताबा मिळवणे, अंतर राखणे, तेंपोची वाट पाहणे या साऱ्या सूचना त्या एकाच हेतूने दिल्या आहेत. ज्याला मरणाची पर्वा नाही, त्याला त्या निरर्थक वाटतील. म्हणून काही गट सामन्यात दोघांनाही वार लागल्यास दोघांनाही हरलेले मानतात. भय निर्माण करता येत नाही. परंतु सावधपणाला मोल देता येते.

७. चुकीचे वाचन आणि त्याची दुरुस्ती

या ग्रंथांकडे पुन्हा वळण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकातही झाला होता. इंग्लंडमध्ये एगर्टन कॅसल यांनी १८८५ मध्ये तलवारविद्येचा इतिहास लिहिला. आल्फ्रेड हटन यांनी जुन्या पद्धतींची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्यांनी विस्मृतीत गेलेले ग्रंथ उजेडात आणले, हे त्यांचे मोठे ऋण आहे. परंतु कॅसल यांच्या मनात एक गृहीत होते. त्यांच्या काळची तलवारबाजी म्हणजे पूर्णत्व आणि जुने गुरू म्हणजे त्या मार्गावरील अपुऱ्या पायऱ्या, असे ते मानत. त्यामुळे जुन्या ग्रंथात जे वेगळे दिसले, ते त्यांना कच्चे वाटले. आजच्या अभ्यासकांनी शस्त्राचे खरे वजन आणि लांबी ध्यानात घेऊन तेच ग्रंथ वाचले, तेव्हा पुष्कळ ‘कच्च्या’ गोष्टी सुसंगत ठरल्या. आपल्या काळाच्या मापाने दुसऱ्या काळाला मोजू नये, हा धडा यातून मिळतो.

ग्रंथाविषयीची आपली माहिती कधीही पूर्ण नसते, याचेही एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. निकोलेत्तो जिगांती यांनी १६०६ च्या ग्रंथात दुसरा ग्रंथ लिहिण्याचे आश्वासन दिले होते. तो कोठेच आढळत नसल्यामुळे ते पाळले गेले नसावे, असा समज दृढ झाला होता. पुढे १६०८ मध्ये छापलेला तो ग्रंथ लंडन येथील वॉलेस कलेक्शन या संग्रहालयात ठेवलेल्या एका संग्रहात सापडला आणि २०१३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. तलवारीबरोबर खंजीर, ढाल, अंगरखा यांचा उपयोग कसा करावा, हे त्यात सांगितले आहे. केवळ पहिल्या ग्रंथावरून जिगांती यांच्या विद्येविषयी ठाम विधाने करणाऱ्यांना ती नव्याने तपासावी लागली. चारशे वर्षांनंतर गुरूंनी जणू दिलेला शब्द पाळला.

८. समारोप

आज कोणालाही कमरेला तलवार लावून रस्त्यावर जायचे नाही. मग या विद्येचा शोध कशासाठी? एक कारण इतिहासाचे आहे. माणसे कशी उभी राहत, कशाला भीत, काळ आणि अंतर यांचा विचार कसा करीत, हे या ग्रंथांतून कळते. दुसरे कारण वाचनाचे आहे आणि ते आपल्या सर्वांना लागू पडते. पुस्तक बोलत नाही, चूक झाली तर हात धरत नाही, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. अशा वेळी वाचणाऱ्यालाच गुरूचे अर्धे काम करावे लागते. शब्दाचा अर्थ पडताळून पाहावा लागतो, चित्राखालचा मजकूर वाचावा लागतो, करून पाहावे लागते, चुकले तर पुन्हा त्याच पानाकडे यावे लागते. आणि ‘हे येथे लिहिले आहे’ व ‘हे मला वाटते’ यांतील रेषा पुसू द्यायची नसते.

दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी एकट्याने पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्याला हा अनुभव नवा नाही. मार्ग कठीण आहे. परंतु तो बंद नाही. ज्यांचे शेवटचे शिष्यही केव्हाच निवर्तले, अशा गुरूंकडून जर काही शिकता येते, तर समोरच्या पानावरूनही निश्चितच शिकता येईल.

आपण काय शिकलो?

- रेपियर ही सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातील नागरिक पोशाखाबरोबर वापरीत असलेली लांब, अरुंद पात्याची तलवार होय.
- तिची गुरुपरंपरा खंडित झाली. ज्ञान ग्रंथांत उरले.
- शब्दांचे बदललेले अर्थ, चित्रांच्या मर्यादा आणि ग्रंथांचे मौन हे वाचनातील तीन अडथळे आहेत.
- वाचन आणि सराव एकमेकांना तपासतात. केवळ एकावर विसंबून चालत नाही.
- प्रामाणिक अभ्यासक पुरावा आणि अनुमान वेगळे ठेवतो.

पाठान्त प्रश्न

१. फाब्रिस आणि कापोफेर्रो यांच्या पवित्र्यांतील फरक सांगून ‘एका वेळी एकच ग्रंथ’ या नियमाचे महत्त्व स्पष्ट करा.
२. ‘ग्रंथात जे लिहिलेले नाही, ते कधी कधी दुखणारे गुडघे सांगतात’ या विधानाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.
३. मृत्यूचे भय नसल्यामुळे आजच्या सरावावर कोणता परिणाम होतो?
४. आपल्या परिसरातील एखाद्या कारागिराचे काम लक्षपूर्वक पाहा. त्यातील कोणत्या गोष्टी लिहून सांगता येतील आणि कोणत्या केवळ करूनच कळतील, याविषयी पंधरा ओळी लिहा.